देवाशी बोललो, शैलाशी नाही

हे कसं लिहिलंय ते आधी सांगतो, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. मी मोबाईलवर डाव्या हाताच्या एका बोटानं शब्द टाइप करतो. कधी चार, कधी दहा. रविवारी माझी मुलगी मेघना मुलुंडहून येते, त्या शब्दांची वाक्यं करते आणि मला वाचून दाखवते. चुकलं असेल तर मी हात हलवतो. ती पुन्हा करते, मी पुन्हा हात हलवतो. मग ती म्हणते, "पप्पा, तुम्ही बोलत होता तेव्हा पण असाच छळ करायचा." एवढं लिहायला आम्हाला सात महिने लागले.

लकव्यानंतर ज्यांची वाचा गेली आहे, त्यांना हे वाचायला जड जाईल. मला माहीत आहे, कारण पेपरातला मथळा मीही अजून तीनदा वाचतो. म्हणून घरच्यांनी हे त्यांना मोठ्यानं वाचून दाखवावं. सावकाश. आणि वाचताना त्यांच्याकडे बघावं, एकमेकांकडे नाही.

माझं नाव अरविंद. घाटकोपरला पंतनगरात राहतो. आमचं मूळ मालवणकडचं. वडील गिरणीत होते, मी रंगाच्या कंपनीत डिस्पॅचला तीस वर्षं काढली. बडबड्या म्हणून मी कंपनीत, बिल्डिंगमध्ये आणि गावात सारखाच प्रसिद्ध होतो. बायको शैला म्हणायची, "ह्यांच्याशी भांडायला पण नंबर लावावा लागतो."

टॉवेल

सकाळी मी दाढी करत होतो आणि शैलाकडे टॉवेल मागितला. म्हणजे मागायला गेलो. डोक्यात टॉवेल अगदी स्वच्छ दिसत होता, निळ्या काठाचा. तोंडातून नुसता घोगरा आवाज आला. मी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मी कायम कुणाच्या ना कुणाच्या नकला करायचो, त्यामुळे शैला स्वयंपाकघरातून हसली आणि म्हणाली, "आज कोणाची नक्कल?" मग ती बाहेर आली. तोपर्यंत रेझर बेसिनमध्ये पडला होता आणि माझा उजवा हात लोंबत होता. आपण तेव्हा हसलो, हे तिला अजून सलतं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली आहे, आणि नेमका बोलण्याचाच भाग सापडलाय. मेघनानं विचारलं, "आपण बोलतोय ते त्यांना कळतंय का?" डॉक्टर म्हणाले, "बऱ्यापैकी." मी त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर पडलेलो होतो आणि मला सगळं कळत होतं. बऱ्यापैकी म्हणे! माझ्याबद्दल माझ्यासमोर लोक असे बोलत होते, जणू मी कपाट आहे आणि ते कुठल्या भिंतीला लावायचं हे ठरतंय.

तिसऱ्या दिवशी पहिला शब्द फुटला. मोठे डॉक्टर राउंडला आले, त्यांनी विचारलं, "काय काका, कसं वाटतंय?" आणि मी खणखणीत आवाजात म्हणालो, "आयला!" नर्स तोंड फिरवून हसल्या. शैला लाजेनं लाल झाली. पुढचे कित्येक आठवडे माझ्याकडे एवढाच एक धड शब्द होता. हो आणि नाही होते, पण त्यांची अदलाबदल व्हायची. पंखा बंद करू का विचारलं की मी हो म्हणायचो आणि घामाघूम होऊन पडून राहायचो.

घट्ट पाणी

गिळताही येत नव्हतं. नाकातून नळी होती, तिच्यातून दिवसातून सहा वेळा काहीतरी पांढुरकं आत जायचं. भूक भागायची, पण जेवलो असं कधी वाटलं नाही.

धारा तेव्हा आली. स्पीच थेरपिस्ट. घाटकोपरचीच गुजराती मुलगी, मेघनापेक्षा लहान. मला वाटलं ही मला अ आ इ ई शिकवणार, तर तिनं बोलण्याचं नावच काढलं नाही. चमच्यात जेलीसारखं पाणी आणलं, माझ्या गळ्यावर दोन बोटं ठेवली आणि म्हणाली, "काका, हनुवटी छातीला लावा. आता गिळा. घाई नाय करायची." त्या एका चमच्याला माझं अंग घामानं भिजलं.

मग तपासणी झाली आणि तिनं शैलाला नीट समजावलं. पातळ पाणी ह्यांच्या गळ्यातून चुकीच्या वाटेनं छातीत उतरतं. आणि वाईट म्हणजे ह्यांना ठसका लागत नाही. त्यामुळे ठसका नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजायचं नाही. पाणी, चहा, ताक, सगळ्यात पावडर घालून घट्ट करायचं.

नळी निघाली आणि मी घरी आलो. चहा खळीसारखा लागायचा. पेज मिक्सरमधून काढून, गाळून मिळायची. मासे कढईत पडल्याचा आवाज यायचा आणि मी भोपळ्याचा लगदा गिळत बसायचो. धारानं सांगितलं होतं की खाताना बोलणं नको, टीव्ही नको, लक्ष फक्त घासावर. म्हणून शैला मला आधी, एकट्याला वाढायची. समोर भिंत, भिंतीवर कॅलेंडर. मी जेवून उठलो की ती आपलं ताट घ्यायची. मला बघायला लागू नये म्हणून ती स्वयंपाकघरात खाली बसून, पटापट जेवायची. एका घरात दोन माणसं, आणि दोघंही एकटी जेवत होती. मला हे तिला सांगायचं होतं. माझ्याकडे "आयला" होतं.

बोलायला येणारे हळूहळू यायचे थांबले. त्यांची चूक नाही. पाच मिनिटं एकट्यानं बोलून माणूस दमतो. शेवटी ते शैलाशी बोलायचे आणि निघताना माझ्या खांद्यावर थोपटायचे. ह्या थोपटण्याचा मला इतका राग यायचा की सांगता सोय नाही, आणि सांगता येतही नव्हतं.

पूजा

आमच्या गावच्या मुंबईकर मंडळाची जानेवारीत सत्यनारायणाची पूजा असते. घाटकोपरलाच एका शाळेचा हॉल घेतात. गावचे सगळे चाकरमानी विरारपासून मानखुर्दपर्यंतचे येतात. पूजा झाली की गाऱ्हाणं घालतात. कोकणाबाहेरच्यांसाठी सांगतो: एक जाणता माणूस देवासमोर उभा राहून सगळ्यांच्या वतीनं देवाशी बोलतो, मालवणीत, एका लयीत, आणि प्रत्येक ओळीला बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. ठरलेला भाग झाला की त्या वर्षाचं मागणं घालायचं. कुणाचं लग्न, कुणाची नोकरी, कुणाचं ऑपरेशन. गेली अठरा वर्षं आमच्यात गाऱ्हाणं मी घालत आलो.

त्या वर्षी मला काठी आणि शैलाचा हात, असं नेऊन पहिल्या रांगेत बसवलं. गाऱ्हाण्याला माझा चुलतभाऊ बाळा उभा राहिला. दोन ओळी बोलला आणि अडकला. कागद शोधायला लागला.

आणि माझं तोंड उघडलं.

"बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत..."

"व्हय म्हाराजा!"

"जी काय वाकडी-तिकडी सेवा केली हा, ती गोड मानून घे..."

"व्हय म्हाराजा!"

मी बोलत होतो. जीभ जड होती, पण शब्द एकामागून एक येत होते, न बोलावता. पहिल्या ओळीपासून "चाकरमान्यांच्या पोराबाळांका सुखी ठेव"पर्यंत सगळं गाऱ्हाणं मी घातलं. म्हातारी माणसं रडत होती. कुणी मोबाईलवर घेत होतं. शैला दोन्ही हात जोडून उभी होती. बाळानं मला मिठी मारली आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, "दादाक देवान वाचा दिल्यान! आणि बघा, दादान स्वतासाठी कायएक मागूक नाय!"

सगळ्या हॉलनं माझ्या त्या मोठेपणाला नमस्कार केला. मला मागायचं होतं हो. मागण्याची जागा आली तेव्हा मी आत धडपडत होतो, पण तिथं शब्दच नव्हता, आणि तोंड आपलं पुढच्या ओळीवर निघून गेलं.

मग तीर्थ आलं. पातळ, पळीभर. तीर्थाला नको कोण म्हणतो? मी डावा हात पुढे केला. शैलानं माझ्याकडे बघितलं. ठसका लागला नाही.

वाचा आली

घरी जाताना रिक्षात शैला माझा हात धरून बसली होती. पंतनगरचा सिग्नल आला तशी हळूच म्हणाली, "आता बोला. माझ्याशी काहीतरी बोला."

मी तोंड उघडलं. काही नाही.

"दमलात का?"

मी मान हलवली. हो की नाही, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी पण. मधल्या काळात तो व्हिडिओ सगळीकडे फिरला होता. गावाहून फोन येत होते. शैलानं धाराला फोन केला, "आता यायची गरज नाही, बोलायला लागले." पलीकडून धारा काहीतरी विचारत होती. शैला म्हणाली, "सगळं! सगळं बोलले. तीर्थ पण घेतलं." धारा बहुधा येऊन बघते म्हणाली असावी, कारण शैला म्हणाली, "लागलं तर कळवते."

पावडरचा डबा माळ्यावर गेला. मला चार महिन्यांनी खराखुरा चहा मिळाला, आलं घातलेला, पातळ. मी नको म्हणालो नाही. ह्यात शैलाचा दोष नाही, हे मला इथं ठणकावून लिहायचंय. धारानं काय सांगितलं होतं ते मला पक्कं आठवत होतं. पण मलाही वाटत होतं की देवानं वाचा दिली, तर गळा पण दिला असेल. आणि तो चहा झकास होता.

शेजारीपाजारी बघायला यायचे. "काका, घाला ना गाऱ्हाणं!" मी घालायचो. पोपट बोलावा तसा. लोक टाळ्या वाजवायचे, चहा प्यायचे, जायचे. दार लागलं की शैला विचारायची, "भाजी कुठली करू?" आणि मी तिच्याकडे बघत बसायचो.

एकदा ती फुटलीच. पुढ्यातली विळी बाजूला सारली आणि म्हणाली, "देवाशी बोलूक येता, लोकांशी बोलूक येता. माझ्याशीच नाय? मी काय केलंय तुमचा?"

माझ्या तोंडातून आलं, "आयला."

तिनं विळी उचलली, आत गेली. त्यानंतर अकरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चहा वेळेवर, औषधं वेळेवर, आंघोळ वेळेवर. शब्द एक नाही. मी मोजले दिवस, कॅलेंडर समोरच होतं. आजारपणात मला नळीची भीती वाटली, पुन्हा झटका येईल ह्याची भीती वाटली, पण ह्या अकरा दिवसांसारखं काहीच नव्हतं. माझ्याबरोबर पस्तीस वर्षं राहिलेल्या बाईला वाटत होतं की मी तिच्याशी मुद्दाम अबोला धरलाय. ती तसं मानून आयुष्य काढील आणि मी तिला कधीच सांगू शकणार नाही, ह्या विचारानं मला रडू यायचं. आणि मी रडलो की तिला वाटायचं, मला पश्चात्ताप होतोय.

बाराव्या दिवशी मला ताप भरला.

पाढा

न्यूमोनिया. छातीत चहा गेला होता. महिनाभर थोडा थोडा जात होता. तेच हॉस्पिटल, पुन्हा नळी, आणि तिसऱ्या दिवशी दारात धारा. शैलानं मान खाली घातली. मला वाटलं आता धारा तिला झापणार. धारानं स्टूल ओढलं आणि म्हणाली, "काकी, तो व्हिडिओ दाखवा ना."

तिनं पूर्ण बघितला. मग मला म्हणाली, "काका, गाऱ्हाणं घाला." मी बारीक आवाजात सुरू केलं, चार ओळी बोललो. तिनं थांबवलं. "आता मधूनच घ्या. पोराबाळांचं आहे ना, तिथून."

मला येईना. मी धडपडलो आणि "बा देवा म्हाराजा" आलं. पुन्हा पहिल्यापासून.

"आता एक ते दहा." आले. "सहाच्या पुढे काय?" मला एकपासून सुरू करावं लागलं.

"ह्या कोण?" तिनं शैलाकडे बोट दाखवलं.

मी बघितलं. शैलाच्या डोळ्यांत बघितलं. तिचं नाव माझ्या सगळ्या अंगात होतं. ओठ हलले, बाहेर काही आलं नाही. शैला माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि पहिल्यांदाच मी किती जोर लावतोय ते तिला दिसत होतं.

धारा तिच्याकडे वळली. "काकी, सतराचा पाढा येतो?"

"येतो की. लहानपणी पाठ केलेला."

"सतरा साते?"

शैलाचे ओठ हलायला लागले. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस... ती साताशी पोचायच्या आतच थांबली. तिनं तोंडावर हात ठेवला.

"बघा," धारा म्हणाली. "तुम्हाला पण पहिल्यापासून यावं लागलं. पाठ केलेलं वेगळ्या जागी असतं, काकी. ते काकांचं शाबूत आहे. स्वतःचा शब्द शोधून काढायचा, ती जागा दुखावली आहे. ते देवाशी पण नव्हते बोलत. त्यात ह्या वर्षाचं एक तरी मागणं होतं का?"

शैलानं मान हलवली. नव्हतं.

"म्हणजे... वाचा नाही आली?"

"नाही आली अजून. आपण आणू थोडी थोडी."

शैला रडली. माझ्यावरचा आळ गेला म्हणून तिला बरं वाटलं असेल, पण त्याहून जास्त ती त्या चमत्कारासाठी रडली. मीही त्याचसाठी रडलो. महिनाभर आम्ही दोघांनी त्यावर विश्वास ठेवला होता, एकमेकांशी न बोलता.

मागण्याची जागा

धारा आठवड्यातून दोनदा यायला लागली. चित्रांचे पत्ते, आरसा, मेणबत्तीवर फुंकर, जीभ वर, जीभ खाली. मी चिडायचो, पत्ते उडवून द्यायचो. ती शांतपणे गोळा करायची. पावडरचा डबा माळ्यावरून खाली आला.

पण खरी युक्ती शैलानं काढली. ती म्हणाली, गाऱ्हाण्यात मागण्याची जागा असतेच ना, मग तिथंच शब्द घालून बघू. धारा खूश झाली. तेव्हापासून आमच्या घरात रोज सकाळी गाऱ्हाणं व्हायचं. मी लयीत सुरू करायचो, "बा देवा म्हाराजा, आज..." आणि थांबायचो. शैला लाटणं हातात घेऊन थांबायची. दूधवाला येऊन जायचा. मग केव्हातरी, त्याच सुरात, "...च...हा!"

"व्हय म्हाराजा!" शैला ओरडायची.

असे चहा, पंखा, चष्मा, मेघना आले. शैला यायला सव्वादोन महिने लागले. बिल्डिंगमधल्यांना वाटायचं, आमची दोघांची सटकली आहे. वाटू दे.

जे ह्यातून जात आहेत त्यांच्यासाठी दोनच गोष्टी. तुमचा माणूस आरती म्हणाला, शिवी दिली, अंक मोजले, तर आनंद जरूर करा, पण थेरपिस्टला फोन करून विचारा, घरीच निकाल लावू नका. आणि घोट घट्ट करायला सांगितला असेल तर देवाचं तीर्थही घट्ट करा. देव रागावत नाही. आमच्या भटजींना विचारून घेतलंय.

एकटेपणाबद्दल मात्र माझ्याकडे उपाय नाही. तो अजून आहे. चार माणसं बसली की माझं वाक्य तयार होईपर्यंत विषय तीन स्टेशनं पुढे गेलेला असतो. मी हसतो, लोकांना वाटतं, मी मजेत आहे.

गेल्या महिन्यातलं सांगतो आणि संपवतो. दुपारी शैला ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होती. मी दारातल्या खुर्चीवर. कुणी काही विचारलं नव्हतं. मी लय धरली नाही, देवाला हाक मारली नाही. एक वाक्य मी वर्षभर आत घेऊन बसलो होतो, ते त्या दिवशी एकेक शब्द करून बाहेर काढलं. मध्ये एवढं थांबायला लागलं की तिची अर्धी जुडी निवडून झाली, पण तिनं एकदाही माझा शब्द पुरा केला नाही.

"शैला... तुझ्यावर... राग... नव्हता."

तिचे हात थांबले. मागे वळली नाही.

"ठाऊक आसा," ती म्हणाली. "राग माका होतो तेव्हा."